बॅकअपची डिस्क भरली? आधी साखळी बघा, मग छाटणी करा

बॅकअपची डिस्क भरली की बहुतेक ऑफिसांत ठरलेलं घडतं. कुणीतरी एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडतं, फाइली तारखेनुसार लावतं, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी फाइल निवडतं आणि डिलीट दाबतं. भरपूर जागा होते, रात्रीचा बॅकअप हिरवा दिसतो, विषय संपतो. पण ती सगळ्यात जुनी, सगळ्यात मोठी फाइल पुष्कळदा पुढच्या सगळ्या बॅकअपचा पाया असते. ते कळतं सहा महिन्यांनी, सर्व्हर बसल्यावर, रिस्टोअर करायला घेतल्यावर.

हे मार्गदर्शन नाशिकच्या अंबड-सातपूरमधली वर्कशॉप, शहरातली सीए मंडळींची ऑफिसं, पिंपळगावकडची द्राक्षांची पॅकहाउस, लग्नाच्या फोटोंचे स्टुडिओ अशा ठिकाणांसाठी आहे. म्हणजे जिथे वेगळा आयटीवाला नाही आणि ‘कॉम्प्युटरचं जरा बघ रे’ असं ज्याला सांगतात त्याच्याच गळ्यात बॅकअपही पडतो. मुख्य भर विंडोजवर आहे. मॅक, मोबाइल आणि क्लाउडचं शेवटाकडे थोडक्यात.

खोड, ओलांडा, काडी

बॅकअप सॉफ्टवेअरच्या भाषेत जुने बॅकअप काढण्याला ‘प्रून’ म्हणतात, म्हणजे छाटणी. नाशिककरांना हा शब्द समजावून सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, कात्री चालते काडीवर. ओलांडा, म्हणजे खोडावरची आडवी मुख्य फांदी, कापून कुणी बाग हलकी करत नाही.

बॅकअपमध्ये ‘फुल’ म्हणजे खोड आणि ओलांडा. त्यात त्या दिवशीचा सगळा डेटा असतो. ‘इन्क्रिमेंटल’ म्हणजे काडी. आदल्या बॅकअपनंतर जेवढं बदललं तेवढंच त्यात असतं, म्हणून ती फाइल लहान असते. शनिवारी रात्री फुल आणि सोमवार ते शुक्रवार इन्क्रिमेंटल अशी रचना असेल, तर बुधवारची स्थिती परत आणायला शनिवारची, सोमवारची, मंगळवारची आणि बुधवारची अशा चारही फाइली लागतात. मंगळवारची फाइल उडाली तर सोमवारपर्यंतचं परत येतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या फाइली डिस्कवर दिसत राहतात, पण त्यांचा उपयोग शून्य. शनिवारचीच फाइल गेली तर अख्खा आठवडा गेला.

तिसरा प्रकार ‘डिफरन्शिअल’. यात प्रत्येक फाइल थेट फुलला धरून असते, आदल्या दिवसाशी तिचा संबंध नसतो. म्हणून मधली कुठलीही डिफरन्शिअल काढली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. मात्र आठवडा सरत जाईल तशा या फाइली फुगत जातात.

एक फुल आणि तिच्यावर टेकलेल्या सगळ्या फाइली मिळून झाली एक साखळी. जुने बॅकअप काढायचे ते अख्खी साखळी धरून, आणि शक्यतो ज्या सॉफ्टवेअरने ते घेतले त्याच्यामार्फत. विंडोज एक्स्प्लोररला साखळी दिसत नाही, फक्त फाइली दिसतात. शिवाय सॉफ्टवेअरची स्वतःची एक नोंदवही असते. फाइल बाहेरून उडवली तर नोंदवहीत ती ‘आहे’ असंच राहतं आणि पुढचा बॅकअप नसलेल्या फाइलीवर रचला जातो किंवा लाल एरर देऊन थांबतो.

९० जीबी मावतात, ३ जीबी मावत नाहीत

अंबडमधल्या एखाद्या वर्कशॉपच्या सर्व्हरवर टॅली, ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम आणि क्वालिटीचे रिपोर्ट मिळून १२० जीबी डेटा आहे असं धरू. कॉम्प्रेस होऊन फुल बॅकअप ९० जीबीचा होतो, रोजचा इन्क्रिमेंटल ३ जीबीचा. म्हणजे आठवड्याची साखळी ९० अधिक १५, एकूण १०५ जीबी. डिस्क १ टीबीची. विकणारा १ टीबी मोजतो १००० च्या पटीत, विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत, म्हणून पडद्यावर ९३१ जीबीच दिसतात. चोरी झालेली नाही.

आठ साखळ्यांचे झाले ८४० जीबी. उरले ९१. नवव्या शनिवारचा ९० जीबीचा फुल बॅकअप बरोब्बर मावतो, हिरवी खूण येते. सोमवारी रात्रीचा ३ जीबीचा मात्र ‘डिस्क फुल’ म्हणून अडकतो. मंगळवारी सकाळी सगळे चक्रावतात, कारण एवढा मोठा गेला आणि चिमूटभर जात नाही. इथेच घाईत कात्री चालते.

हा हिशेब कागदावर एकदा मांडाच. तुमच्या फुलचा आकार, रोजच्या फाइलीचा सरासरी आकार आणि डिस्कवर खरोखर दिसणारी जागा, एवढे तीन आकडे पुरतात. आणखी एक अट विसरली जाते. बरीच सॉफ्टवेअर नवीन फुल पूर्ण झाल्यावरच जुनी साखळी काढतात, आणि ते योग्यच आहे, कारण नवीन मधेच फसला तर जुना हाताशी राहतो. पण त्यासाठी तेवढी जादा जागा लागते. चार साखळ्या ठेवायच्या तर ४२० जीबी आणि वर नव्या फुलचे ९०, म्हणजे ५१० जीबी लागतात. ५०० जीबीच्या डिस्कवर विंडोजला दिसतात ४६५. चार साखळ्या मावतात असं वाटूनही पाचव्या आठवड्याला बॅकअप फसतो तो यामुळे. तीन साखळ्या ठेवल्या तर गरज ४०५ ची, आणि सगळं सुरळीत चालतं. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘बॅकअपच्या आधीच जुने काढा’ असा पर्याय असतो. तो दुसऱ्या डिस्कवरही प्रत असेल तरच वापरावा.

कात्री लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे शेवटचा बॅकअप खरंच उघडतो का ते बघणं. ‘व्हेरिफाय’ किंवा ‘व्हॅलिडेट’ चालवा, पण त्यावर थांबू नका. व्हेरिफाय एवढंच सांगतं की फाइल लिहिली तशीच आहे. आत टॅलीचा फोल्डर घ्यायचाच राहून गेला असेल तर ते व्हेरिफायला कसं कळणार? म्हणून तीन गोष्टी वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा: काल बदललेली एखादी एक्सेल, एक जुनं ड्रॉइंग आणि टॅलीची कंपनी. टॅलीचा डेटा मूळ जागेवर रिस्टोअर करू नका, चालू हिशेबावर जुना चढेल. ‘रिस्टोअर टेस्ट’ नावाचा नवा फोल्डर करा, तिथून कंपनी उघडा, डे बुकमधल्या शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि ट्रायल बॅलन्सची बेरीज चालू कंपनीशी ताडून बघा. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावलेला असेल तर तो आत्ता आठवतोय ना हेही इथेच कळेल. तो विसरला तर कुणीच काढून देऊ शकत नाही.

दुसरं, या डिस्कवर असं काही आहे का की ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. समजा एखाद्या स्टुडिओने २०१५ च्या सिंहस्थाचे फोटो पीसीवर जागा नाही म्हणून उडवले, ‘बॅकअपवर आहेतच’ म्हणून. त्या क्षणी त्या डिस्कवरचा बॅकअप हा बॅकअप राहिला नाही, ती मूळ आणि एकमेव प्रत झाली. आता आवर्तनाचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर जुने आपोआप काढण्याचा, नियम लावून ‘दोन वर्षांपेक्षा जुनं काढा’ म्हटलं की सॉफ्टवेअर इमानदारीने तेही काढणार. असा माल आधी वेगळ्या डिस्कवर साध्या फोल्डरमध्ये काढून घ्या, त्याची दुसरी प्रत करा, आणि मगच साफसफाई.

तिसरं, कायद्याची मुदत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. म्हणजे २०२२-२३ या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, तर त्या वर्षाची कागदपत्रं ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर आणखी पुढे. यावर घाबरून ‘मग काहीच काढायला नको’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्याची गरज नाही. कायद्याला त्या वर्षाचे हिशेब हवेत, तुमचे तीनशे रोजचे बॅकअप नव्हे. ऑडिट पूर्ण होऊन वर्ष बंद झालं की त्या दिवशीचा एक पूर्ण बॅकअप वेगळा काढा, त्यावर वर्ष लिहा आणि आवर्तनाच्या बाहेर ठेवा. रोजचे मग बिनधास्त छाटा.

कंपनी म्हणून नोंदणी असेल तर आणखी एक लक्षात ठेवायचं. हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असावा असा नियम २०२२ पासून आहे. जागा वाचवायला ‘रोज’चं ‘आठवड्याला’ करणं हा त्यांच्यासाठी मार्गच नाही.

द्राक्ष निर्यातदारांनी ग्रेपनेटला (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी अपेडाची ऑनलाइन प्रणाली) जोडलेल्या लॉटच्या नोंदी आणि रेसिड्यू रिपोर्टचाही असाच हंगामअखेरचा एक बॅकअप बाजूला काढावा. तक्रार येते ती कंटेनर युरोपात पोचल्यावर, तोवर इथे खरड छाटणी सुरू झालेली असते.

प्रत्यक्ष काढताना

१. बॅकअपचं वेळापत्रक थांबवा, म्हणजे ‘डिसेबल’ किंवा ‘पॉज’ करा. काढता काढता नवा बॅकअप सुरू झाला तर दोघंही अडकतात.

२. डिस्कवरची मोकळी जागा कागदावर लिहून ठेवा. नंतर हाच आकडा सांगेल की खरंच जागा झाली का.

३. जागा नक्की कशाने खाल्लीय ते बघा. विनडिरस्टॅट हे मोफत साधन त्यासाठी चांगलं. पुष्कळदा दोषी बॅकअप नसतोच. कुणीतरी त्याच डिस्कवर सिनेमे आणि जुन्या मोबाइलचे व्हिडिओ टाकलेले असतात.

४. सॉफ्टवेअरमध्ये बॅकअपची यादी उघडा, सगळ्यात जुनी साखळी निवडा आणि ‘डिलीट’ द्या. फुल निवडली की तिच्यावर टेकलेल्या फाइलीही जाणार, असा इशारा चांगली सॉफ्टवेअर देतात. तो वाचा. यादीत तुम्हाला हवी असलेली तारीख दिसली तर तिथेच थांबा.

५. एका वेळी एकच साखळी. पाच निवडून एकदम काढू नका.

६. वेळापत्रक परत चालू करा आणि लगेच एक बॅकअप हाताने चालवून बघा. चौथ्या पायरीनंतर समाधानाने चहाला गेलेला माणूस हीच पायरी विसरतो आणि बॅकअप तीन महिने बंद राहतो.

डिस्क शंभर टक्के भरली असेल तर मात्र पंचाईत होते. काही सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ व्हीम कंपनीचा बॅकअप एजंट, जुन्या फाइली नुसत्या काढत नाही. सगळ्यात जुनी इन्क्रिमेंटल फुलमध्ये विरघळवून फुलला एक दिवस पुढे सरकवतं. त्याच्या आधी नवी फाइल लिहावी लागते, आणि तिला तर जागाच नाही. अशा वेळी सगळ्यात जुनी पूर्ण साखळी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि मगच ती सॉफ्टवेअरमधून काढा. साखळी एकच असेल तर ती अख्खीच कॉपी करा आणि नव्या डिस्कवर नव्या फुलने सुरुवात करा. जुनी डिस्क निदान महिनाभर कपाटात राहू दे. एक नवी डिस्क घेण्याचा खर्च आणि सहा महिन्यांचं ड्रॉइंगचं काम परत करण्याचा खर्च यांची तुलना करायचीही गरज नाही.

व्हीममध्ये फुलचं एक्स्टेन्शन व्हीबीके, इन्क्रिमेंटलचं व्हीआयबी आणि नोंदवहीचं व्हीबीएम. ती छोटीशी व्हीबीएम फाइल ‘काहीतरी फालतू’ समजून उडवू नका.

विंडोजच्या आतले बॅकअप

फाइल हिस्टरी मुळात दर तासाला बदललेल्या फाइली घेते आणि वेगळं काही सांगितलं नाही तर कायमच्या ठेवते. म्हणून ती भरतेच. कंट्रोल पॅनल, त्यात ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’, मग ‘फाइल हिस्टरी’, डाव्या बाजूला ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’, तिथे ‘क्लीन अप व्हर्जन्स’. एका वर्षापेक्षा जुन्या, सहा महिन्यांपेक्षा जुन्या असे पर्याय मिळतात. अगदी शेवटचा पर्याय ‘सगळ्यात ताजी सोडून बाकी सगळ्या’ असा आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आज सकाळी कुणी एक्सेलमध्ये चुकीचे आकडे भरून सेव्ह केलं असेल तर ताजी प्रत म्हणजे तीच चुकीची. त्याच पानावर ‘कीप सेव्ह्ड व्हर्जन्स’चं ‘फॉरएव्हर’ बदलून एक वर्ष करा. नाहीतर पुढच्या वर्षी परत इथेच याल.

सिस्टिम इमेज (विंडोजसकट अख्ख्या ड्राइव्हची प्रत) घेणारं ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ विंडोज ११ मध्येही आहे, नावात अजून विंडोज ७ घेऊन. त्यात ‘मॅनेज स्पेस’ हे बटण आहे. इथे एक गंमत आहे. एक्स्टर्नल डिस्कवर ‘विंडोजइमेजबॅकअप’ हा फोल्डर १०० जीबीचाच दिसतो आणि डिस्क मात्र ४०० जीबीने भरलेली. जुन्या इमेज शॅडो कॉपीच्या रूपात, न दिसणाऱ्या ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ फोल्डरमध्ये असतात. त्या फोल्डरची परवानगी बदलून आत शिरण्याचे सल्ले मिळतील, ते ऐकू नका. ‘मॅनेज स्पेस’मधून ‘चेंज सेटिंग्ज’ आणि ‘फक्त सगळ्यात ताजी इमेज ठेवा’ एवढं पुरतं.

विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि त्या सुमारास अनेकांनी मशीन बदलली किंवा वरची आवृत्ती चढवली. जुन्या मशीनची शेवटची इमेज मात्र वर्षभर तरी काढू नका. त्यात एखाद्या सीएनसी मशीनच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स किंवा डिजिटल सहीचा ड्रायव्हर निघतो, तो नेमका रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी लागतो.

टॅलीबद्दल एक सावधानता. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये १००००, १०००१ असे नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर दिसतात. ते बॅकअप नाहीत, तो चालू हिशेब आहे. ‘हे आकडे कसले’ म्हणून ते उडवल्यावर काय होतं हे सांगायला नको. टॅलीने स्वतः घेतलेल्या बॅकअप फाइली मात्र साखळीत नसतात, प्रत्येक फाइल स्वतःपुरती पूर्ण असते. त्यातली जुनी काढली तर नवीला काही होत नाही. टॅलीची आवृत्ती बदलण्याआधी घेतलेली एक प्रत ठेवून द्या, कारण नव्या आवृत्तीत रूपांतर झालेला डेटा जुनीत परत उघडत नाही.

फोटो स्टुडिओवाल्यांसाठीही असाच एक सोपा नफा आहे. फोटो एडिटिंगचं लाइटरूम कॅटलॉगचे बॅकअप झिप करून साठवतं, आणि जुन्या झिप साचत राहतात. प्रत्येक झिप पूर्ण असते. शेवटच्या चार-पाच ठेवा, बाकीच्या हाताने काढल्या तरी चालतात. यात फोटो नसतात, फक्त एडिटिंगची नोंद असते, एवढं ध्यानात असू द्या. आणि रॉ फाइली व व्हिडिओ रोजच्या आवृत्त्यांच्या बॅकअपमध्ये घालूच नका. ते कॉम्प्रेस होत नाहीत, बदलतही नाहीत. त्यांना दोन डिस्कवर दोन साध्या प्रती पुरतात. आल्बम देऊन झाल्यावर किती महिने ठेवणार ते पावतीवरच लिहा, म्हणजे काढताना मनात धाकधूक राहत नाही.

काढलं, पण जागा होत नाही

सगळ्यात साधं कारण रिसायकल बिन. एक्स्टर्नल डिस्कवरून काढलेली फाइल त्याच डिस्कवरच्या लपलेल्या बिनमध्ये जाते. बिन रिकामा केल्याशिवाय एक बाइटही सुटत नाही. नेटवर्कवरच्या शेअरमधून काढली तर उलट, विंडोजच्या बिनमध्ये काही येत नाही. पण नॅसचा (नेटवर्कला जोडलेली, सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) स्वतःचा रीसायकल फोल्डर चालू असेल तर फाइल तिथे बसलेली असते.

दुसरं कारण डीडुप्लिकेशन. काही सॉफ्टवेअर सारखा दिसणारा डेटा एकदाच साठवतात आणि बाकी ठिकाणी खूणचिठ्ठी ठेवतात. यादीत एखादी आवृत्ती ४० जीबीची दिसते, ती काढल्यावर जागा मात्र अर्धा जीबीच होते. कारण त्यातले साडेएकोणचाळीस जीबी इतर आवृत्त्यांनाही लागतात. अशा ठिकाणी एखाददुसरी आवृत्ती काढून हाती काही येत नाही. जुन्यांचा मोठा गठ्ठा गेला तरच फरक दिसतो, किंवा बॅकअपमधूनच एखादा जड फोल्डर वगळावा लागतो, आणि तोही जुन्या आवृत्त्या संपल्यावरच सुटतो.

याच प्रकारात काढणं आणि जागा सोडणं ही दोन वेगळी कामं असतात. रेस्टिक या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ‘फर्गेट’ फक्त यादीतून नाव खोडतं, जागा ‘प्रून’ केल्यावर सुटते. तशाच बोर्ग या सॉफ्टवेअरमध्ये १.२ आवृत्तीपासून ‘प्रून’नंतर ‘कॉम्पॅक्ट’ही चालवावं लागतं. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरचं हायपर बॅकअप जागा मागच्या बाजूने सावकाश सोडतं, म्हणून दहा मिनिटांत आकडा हलला नाही की पुन्हा काढायला घेऊ नका. रात्रभर थांबा. नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, चालू असतील तर काढलेल्या फाइली त्या स्नॅपशॉटमध्ये धरून ठेवलेल्या असतात. स्नॅपशॉटची मुदत संपेल तेव्हाच जागा येईल, आणि हा दोष नाही, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर हेच वाचवेल.

केबल, लाइट आणि आवाज

मोठ्या साखळ्या काढणं किंवा विरघळवणं हे काम कधी कधी तासभर चालतं. त्या वेळात लाइट गेली किंवा कुणी केबल ओढली तर नोंदवही अर्धवट राहते. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असेल तर धोका जास्त, कारण त्यात एनटीएफएससारखी जर्नलची, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम नोंदीवरून सावरण्याची, सोय नाही. विंडोजच्याच मशीनला लावायची डिस्क एनटीएफएसच असू द्या. इनव्हर्टरवर भरवसा असेल तर आधी बघा की लाइट जाताच तो पीसी बंद पडू न देता बॅटरीवर जातो का. बरेच घरगुती इनव्हर्टर एका झटक्यात पीसी रीस्टार्ट करतात. एमआयडीसीत देखभालीसाठी लाइट जायचा दिवस ठरलेला असेल तर ते काम त्या दिवशी काढूच नका.

फाइल काढताना डिस्क ‘टक टक’ करायला लागली, एक्स्प्लोरर गोठला किंवा डिस्क आपोआप गायब होऊन परत आली तर हा जागेचा प्रश्न राहिलेला नाही. डिस्क मरतेय. साफसफाई थांबवा, चेकडिस्क चालवू नका, जे वाचतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करा.

किती ठेवायचे

छोट्या ऑफिसला सुरुवातीला ७ रोजचे, ४ आठवड्याचे आणि १२ महिन्याचे, एकूण २३ बॅकअप हा चांगला हिशेब आहे. अधिक ऑडिटनंतर काढलेले दर वर्षाचे, जे आवर्तनाच्या बाहेर. नुसते ‘शेवटचे ७ दिवस’ ठेवणं धोक्याचं. दिवाळीत ऑफिस बंद झालं, बंद होण्याच्या संध्याकाळी एका मशीनवर रॅन्समवेअर घुसलं आणि सर्व्हर चालूच राहिला, तर आठवड्याभरात सातही चांगले बॅकअप बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी सात कुलूपबंद बॅकअप येतात. म्हणून निदान एक बॅकअप महिन्याभरापेक्षा जुना हवाच, आणि तो मशीनला कायम जोडलेल्या डिस्कवर नको.

नियम दिवसांवर चालतो की संख्येवर, हेही तपासा. दिवसांवर असेल आणि मशीन महिनाभर बंद राहिली, तर चालू झाल्याबरोबर सगळेच ‘जुने’ ठरू शकतात. ‘किमान इतके ठेवाच’ असा पर्याय असेल तर तो भरा.

पॅकहाउसमध्ये जानेवारी ते एप्रिल रोजचे बॅकअप १४ करा, हंगाम संपला की परत ७. वर्षभर एकच माप लावायची सक्ती नाही.

मॅक, मोबाइल, क्लाउड

टाइम मशीन चोवीस तासांचे तासातासाचे, महिनाभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं. डिस्क भरली की सगळ्यात जुने आपोआप काढतं. त्यात हात घालायची गरज फार क्वचित पडते. फाइंडरमधून फोल्डर ओढून कचऱ्यात टाकणं टाळा.

विंडोजवर आयट्यून्सने आयफोनचा बॅकअप घेतला असेल तर तो गुपचूप सी ड्राइव्हवर बसतो, ‘मोबाइलसिंक’ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि विकून टाकलेल्या फोनचाही तिथे राहतो. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘डिव्हायसेस’मधून तो काढा.

गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे, आणि अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. व्हॉट्सअॅपच्या ‘चॅट बॅकअप’मध्ये व्हिडिओ बंद केले की पुढच्या बॅकअपला जागा सुटते. ड्राइव्हवरून काढलेली फाइल ३० दिवस बिनमध्ये राहते आणि तोवर जागा खाते. फोन ५७ दिवस वापरला नाही तर गुगलवरचा त्याचा बॅकअप आपोआप जाऊ शकतो. म्हणून बिघडलेला फोन कपाटात ठेवून ‘बॅकअप आहे’ म्हणत निवांत बसू नका.

जुनी डिस्क बाहेर देताना

बदललेली डिस्क एम. जी. रोडवर एक्स्चेंजला देणार असाल तर लक्षात घ्या, डिलीट आणि क्विक फॉरमॅट केल्यावरही आतला डेटा साध्या रिकव्हरी साधनांनी परत निघतो. त्यात तुमच्या पार्ट्यांचे पॅन नंबर, बँकेची खाती, कामगारांची आधारची स्कॅन असतात. विंडोजमध्ये फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक फॉरमॅट’वरची टिकमार्क काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. फिरत्या हार्ड डिस्कवर त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात, १ टीबीला काही तास लागतात. संध्याकाळी लावा, सकाळी काढा. डिस्क ओळखलीच जात नसेल तर ती एक्स्चेंजला देऊ नका, स्क्रू काढून आतली थाळी फोडा आणि मग ई-कचऱ्यात टाका.